पुढचा बॅकअप रविवारी सात वाजता

हिंगोलीच्या मे महिन्यात पत्र्याखालची दुपार कशी जाते हे वाचकांना सांगायला नको. २०२५ च्या मे महिन्यातील अशाच एका दुपारी लाइट तीनदा गेली आणि तीनदा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा आमच्या घरचा कॉम्प्युटर काही सुरू होईना. पडदा काळाच. आतून मात्र टक्... टक्... असा आवाज येत होता. थोरलीने डब्याला कान लावला आणि म्हणाली, "बाबा, हार्डडिस्क गेली वाटतं."

आमच्या पोटात गोळा आला. कारण त्या डिस्कमध्ये आमची माय होती.

माय २०२४ च्या ऑगस्टमध्ये वारली. तिला सहीपुरतेही अक्षर येत नव्हते, सगळीकडे अंगठाच. पण जात्यावरच्या ओव्या तिला किती येत होत्या याचा हिशेब आम्हा भावंडांना कधी लागला नाही. माहेराच्या, भावाच्या, लेकीच्या; बाबासाहेबांच्या आणि रमाईच्या. गिरणीचे पीठ घरात आले, जाते कोपऱ्यात गेले, तरी तांदूळ निवडताना, लसूण सोलताना तिच्या तोंडी ओवी असायचीच. थोरलीने २०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत मोबाइल पुढ्यात ठेवून तिच्या २६ ओव्या भरून घेतल्या. पुढे २०२४ च्या जानेवारीत, माय आजारातून जरा उठून बसू लागली तेव्हा, आणखी ३१. या दुसऱ्या वेळी तिचा आवाज खोल गेला होता, मधे मधे खोकला होता. पण रमाईच्या ओव्या साऱ्या त्यातच होत्या.

मोबाइल भरला की धाकटा तार जोडून सगळे कॉम्प्युटरवर टाकायचा आणि मोबाइल रिकामा करायचा. त्याला तो 'सेव्ह करणे' म्हणत असे, आम्हीही म्हणत असू. खरे तर ते नुसते हलविणे होते. धान्य कणगीतून पोत्यात ओतले म्हणून धान्य दुप्पट होत नाही. कॉपी करून मूळ जागेवरही ठेवले तर दोन प्रती होतात. कट करून दुसरीकडे चिकटविले तर प्रत एकच राहते, फक्त तिचा पत्ता बदलतो. एवढी गोष्ट घरात कोणाला माहीत नव्हती असे नाही. थोरलीने एमएस-सीआयटी केलेली आहे. पण माहीत असणे वेगळे आणि मोबाइलवर 'जागा शिल्लक नाही' असे आल्यावर घाईत बोट चालणे वेगळे.

तरीही त्या दुपारी लेकरांची आई शांत होती. "बॅकअप हाय ना," ती म्हणाली, "त्या पोरानं लावून देला होता की."

होता खरा. २०१९ साली आम्ही नांदेडहून हा कॉम्प्युटर जुना म्हणून घेतला. आम्ही शाळेत शिपाई; नवा घेणे तेव्हा परवडत नव्हते. जून २०२२ मध्ये ओळखीच्या एका मुलाने त्याला एक टीबीची बाहेरची डिस्क जोडली, विंडोजमधला बॅकअप सुरू करून दिला आणि सांगितले की आता तुम्हाला काही करायला नको, आपोआप होईल. त्याने सांगितले ते खोटे नव्हते. डिस्क मागे लावलेली होती, तिचा निळा दिवा लागत होता. तीन वर्षे आम्ही त्या दिव्याकडे पाहून निर्धास्त होतो.

दुकानातून नवी हार्डडिस्क घालून आणली, विंडोज पुन्हा टाकून घेतले, आणि रात्री जेवणे झाल्यावर सारे घर कॉम्प्युटरपुढे बसले. कंट्रोल पॅनेलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर' नावाची एक खिडकी असते. नावापुढे विंडोज ७ असे लिहिलेले असते, पण ती विंडोज १० मध्येही आहे आणि ११ मध्येही आहे. थोरलीने बाहेरची डिस्क निवडली. तारखांची यादी उघडली. यादीत सातच नोंदी होत्या आणि सर्वांत अलीकडची २३ जुलै २०२३ ची होती.

दिवाळीच्या २६ ओव्या सुखरूप निघाल्या. जानेवारीच्या ३१ मात्र त्या तारखेनंतरच्या. त्या यादीत असणे शक्यच नव्हते.

बॅकअप बंद का पडला, हे शोधायला आम्हाला दोन दिवस लागले आणि उत्तर सापडले तेव्हा हसावे की रडावे कळेना. नवा बॅकअप लावताना खिडकीत एक ओळ आली: पुढचा बॅकअप, रविवार, सायंकाळी सात वाजता. थोरली एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "बाबा, रविवारी सातला आपण कुठं असतो?"

रविवारी सातला आम्ही विहारात असतो. सगळेच्या सगळे. वंदनेला निघताना कॉम्प्युटर बंद करायचा, वरचे बटण बंद करायचे, आणि विजेचे बिल वाचवायचे, हा आमचाच नियम. विंडोजचा हा बॅकअप, आपण वेगळे काही सांगितले नाही तर, रविवारी सायंकाळी सातची वेळ धरतो. त्या वेळी यंत्र बंद असले किंवा झोपलेले असले तर तो वेळ टळून जाऊ देतो आणि पुढच्या रविवारची वाट पाहतो. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा विहारात. थोरली परीक्षेच्या अभ्यासासाठी घरी थांबायची त्या काही रविवारी बॅकअप झाला. २३ जुलै २०२३ चा रविवार आम्हाला आठवला: वर्षावासातील वाचन सुरू होते, पण पावसाने गल्लीत पाणी साचले म्हणून आम्ही घरीच बसलो होतो. त्यानंतर थोरली शिकायला नांदेडला गेली आणि रविवारी सातला घरात कोणीच उरले नाही.

त्या खिडकीत दोन ओळी एकाखाली एक असतात. 'लास्ट बॅकअप' आणि 'नेक्स्ट बॅकअप'. आम्ही कधी पाहिलीच तर 'नेक्स्ट बॅकअप'ची ओळ पाहिली. तिच्यात नेहमीच येणारा रविवार असे, आणि येणारा रविवार नेहमीच बरा दिसतो. 'लास्ट बॅकअप' पुढे किती जुनी तारीख आहे हे पाहिले असते तर पाच मिनिटांचे काम होते. वाचकांनी हा लेख खाली ठेवून आधी ती ओळ पाहून यावी. बाकीचे नंतर वाचले तरी चालेल.

मावशीचा मोबाइल

३१ पैकी ११ ओव्या सापडल्या त्या कॉम्प्युटरमुळे नाही. सेनगाव तालुक्यात आमची मावशी राहते, मायची धाकटी बहीण. जानेवारीत थोरलीने काही ओव्या तिला व्हॉट्सॲपवर पाठविल्या होत्या, केवळ तिने हट्ट केला म्हणून. आम्ही गेलो तेव्हा मावशीने मोबाइल पदराखालून काढून दिला आणि म्हणाली, "म्या काई पुसलं नाई लेका. पुसता येतच नाई मला." तिला पुसता येत नाही म्हणून ११ ओव्या राहिल्या. आमच्या धाकट्याला पुसता येते.

असेच एकदा फार मोठ्या ठिकाणीही घडले आहे. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तयार होत असताना कोणाच्या तरी हातून चुकीची आज्ञा दिली गेली आणि चित्रपटाच्या फायली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. धावत जाऊन यंत्र बंद केले, बॅकअप काढून पाहिला, तर तो बरेच दिवस नीट झालेलाच नव्हता आणि कोणाच्या ते ध्यानातही आले नव्हते. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या बाईंमुळे. त्यांना नुकतेच मूल झाले होते, म्हणून त्या घरून काम करीत आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटात गुंडाळून, मोटारीत बाळासारखा जपून आणण्यात आला. दिमतीला माणसे आणि पैसा असलेल्या कंपनीची ही गत, तर आमच्या पत्र्याखालच्या यंत्राचे काय!

आणि आपल्या घरांत तर ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. १९१७ साली बाबासाहेब लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतले. २१ ऑगस्टला ते मुंबईला पोहोचले, पण त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने पाठविलेले होते. पहिले महायुद्ध सुरू होते. ती बोट पाणतीराने बुडाली आणि तिच्याबरोबर त्यांनी पोटाला चिमटा घेऊन जमविलेली पुस्तके गेली. भरपाई म्हणून ६०० रुपये मिळाले. पुस्तकांची किंमत मिळते. समासात लिहिलेल्या टिपांची कोण देणार? लहानपणी ही हकिकत ऐकताना आम्हाला जर्मनांचा राग येई. आता मायच्या वीस ओव्यांमुळे तिची दुसरी बाजू कळली. बाबासाहेबांना दुसरी प्रत ठेवण्याचा मार्ग नव्हता. आम्हाला होता.

मायसारख्या बायांच्या ओव्या मुद्दाम जपणारी माणसेही महाराष्ट्रात होऊन गेली हे येथे सांगितले पाहिजे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या आणि २०१७ पासून 'पारी' या संग्रहाने हा ठेवा लोकांसमोर आणायला सुरुवात केली. वीस वर्षांहून जुनी ध्वनिमुद्रणे आजही ऐकू येतात, याचे कारण ती एका हातातून दुसऱ्या हातात देताना कोणीतरी दर वेळी लक्ष घातले. आमच्या घरी सोळा महिनेही टिकली नाहीत.

पुन्हा लावताना आलेली विघ्ने

चूक कळली म्हणजे काम सोपे झाले असे आम्हाला वाटले होते. वेळ बदलली: बुधवार, रात्री नऊ, जेव्हा धाकटा हमखास यंत्रावर बसलेला असतो. 'चेंज सेटिंग्ज' मधून पुढे गेल्यावर शेवटच्या पानावर 'चेंज शेड्यूल' असे लिहिलेले असते, तेथे ही वेळ बदलता येते. मग लगेच 'बॅक अप नाऊ' हे बटण दाबले. बराच वेळ हिरवी पट्टी सरकत राहिली आणि शेवटी बॅकअप फसला असा निरोप आला. खाली एक आकडा. शून्य, एक्स आणि पुढे ८०७८०११९.

असे आकडे आले की माणूस खिडकी बंद करतो. आम्ही तीन वर्षे कोपऱ्यातले निरोप बंदच करीत आलो. या वेळी थोरलीने तो आकडा वहीत लिहून घेतला, आणि आमचा पहिला सल्ला हाच आहे: आकडा लिहून ठेवावा. तापाचे औषध देण्याआधी डॉक्टर ताप मोजतात, तसे ते आहे.

हा आकडा जागा कमी असल्याचा आहे. पण आमच्या बाहेरच्या डिस्कवर तर निम्मी जागा मोकळी होती! गोम अशी की विंडोज आपल्याला न दिसणारे एक-दोन छोटे कप्पे हार्डडिस्कवर करून ठेवते. भिंतीतले कोनाडेच म्हणा. 'सिस्टम इमेज', म्हणजे विंडोजसकट यंत्राचे पूर्ण चित्र, घ्यायचे असेल तर ते कोनाडेही त्यात येतात आणि प्रत्येकात थोडी जागा मोकळी लागते. कप्पा ५०० एमबीपेक्षा लहान असेल तर किमान ५० एमबी, मोठा असेल तर ३२० एमबी. कोनाडा गच्च भरला असेल तर बाहेर कितीही मोठी डिस्क जोडा, चित्र निघत नाही. कप्पा वाढविता येतो, पण ते जाणकाराच्या हातचे काम. चुकले तर यंत्रच सुरू होत नाही.

आम्ही वेगळा मार्ग धरला आणि तोच आपल्यासारख्या घरांनी धरावा असे आमचे मत आहे. बॅकअप लावताना 'लेट मी चूज' हा पर्याय घेतला, सिस्टम इमेजची खूण काढून टाकली आणि फक्त आपल्या फायली निवडल्या. विंडोज पुन्हा टाकायला दुकानदार काही पैसे घेतो आणि एक संध्याकाळ जाते. मायचा आवाज कोणत्या दुकानात मिळतो? शिवाय सिस्टम इमेजचे हे साधन मायक्रोसॉफ्टने २०१७ सालीच मागे टाकायच्या यादीत घातले आहे. ते चालते तोवर चालेल.

स्वतः निवडण्याचा आणखी एक फायदा झाला. विंडोजवर निवड सोपविली की ते डेस्कटॉप आणि 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स', 'म्युझिक' अशा ठरलेल्या जागा घेते. आपल्याकडे तर दुकानदारच सांगतो की महत्त्वाचे ते सी मध्ये ठेवू नका, डी मध्ये ठेवा. थोरलीच्या दोन वर्षांच्या नोट्स डी मध्ये एका वेगळ्या फोल्डरमध्ये होत्या. म्हणजे आम्ही सगळे रविवार घरी बसून काढले असते तरी त्या नोट्स बॅकअपमध्ये आल्या नसत्या! ज्या वस्तूसाठी बॅकअप लावला ती वस्तू यादीत आहे का, हे बोट ठेवून पाहावे.

शेजारच्या घरी दुसरीच तऱ्हा. त्यांनी पेन ड्राइव्ह लावला होता. पेन ड्राइव्हवर विंडोज सिस्टम इमेज घेत नाही. ती खूण काढल्यावर फायली गेल्या. मग मुलाच्या लग्नाची व्हिडिओ फाइल हाताने कॉपी करू गेले तर ती फाइल फार मोठी आहे असा निरोप, आणि ड्राइव्ह तर जवळजवळ रिकामा. पुष्कळ पेन ड्राइव्ह 'फॅट ३२' या जुन्या पद्धतीने आखलेले असतात. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असूच शकत नाही. 'एनटीएफएस' पद्धतीने पुन्हा आखला की अडचण जाते, मात्र आखताना आतले सगळे पुसले जाते. आधी रिकामा करून घ्यावा. लग्नाची व्हिडिओ त्यांची. आम्ही तो धोका पत्करायला तयार नव्हतो, म्हणून दोनदा विचारले.

आणखी काही घरांतील तक्रारी ऐकल्या त्या थोडक्यात सांगतो. डिस्क मधेच गायब होते, ही तक्रार बहुधा समोरच्या भोकात लांब किंवा सैल तार लावल्याने येते. मागच्या भोकात, आखूड तारेने लावून पाहावे. डिस्क भरली असेल तर 'मॅनेज स्पेस' मधून जुने बॅकअप काढता येतात. 'शॅडो कॉपी' हा शब्द निरोपात दिसला तर घाबरू नये. पूर्वी गावात फोटोवाला येई आणि "हलू नका" म्हणे, तसे हे विंडोजचे एक अंग आहे. चालू असलेल्या फायलींचे क्षणभर स्थिर चित्र ते घेते आणि त्यावरून बॅकअप होतो. यंत्राचा वेग वाढवितो म्हणणारी काही सॉफ्टवेअरे हे अंगच बंद करून टाकतात. 'सर्व्हिसेस' नावाच्या यादीत 'व्हॉल्यूम शॅडो कॉपी' आणि 'विंडोज बॅकअप' या दोन नावांपुढे 'डिसेबल्ड' असे दिसले तर ते 'मॅन्युअल' करावे. वेग वाढविणारे ते सॉफ्टवेअर काढून टाकले तरी आमच्या मते काही बिघडत नाही.

हार्डडिस्कवर खराब जागा असली तरी बॅकअप अडखळतो. त्यासाठी 'चेकडिस्क' ची तपासणी आहे. पण येथे एक क्रम पाळावा. डिस्कवर संशय असेल तर आधी लाख मोलाच्या फायली हाताने दुसरीकडे कॉपी करून घ्याव्यात आणि मगच तपासणी लावावी. आजारी डिस्कला तपासणीचा भार सोसत नाही. आणि आमच्यासारखा टक् टक् आवाज आला तर काहीच लावू नये. लगेच बंद करावे. त्या दुपारी आम्ही ते यंत्र सात-आठ वेळा चालू-बंद केले. एकाने फ्रीजमध्ये ठेवायला सांगितले, एकाने टिचकी मारायला. फ्रीज घरात नाही म्हणून एक चूक वाचली, टिचकी मात्र आम्ही मारली. आत काचेसारख्या गुळगुळीत तबकड्या असतात आणि त्यांच्यावरून केसाहूनही कमी अंतरावर वाचणारी सुई फिरते. ती घासू लागली असेल तर प्रत्येक वेळी सुरू करताना आणखी थोडे खरवडले जाते.

दुसरी डिस्क कोठे ठेवावी

आता घरात दोन डिस्का आहेत. एक नवी, एक ती जुनी निळ्या दिव्याची. यावर घरात वाद झाला. लेकरांच्या आईचे म्हणणे, दोन्ही कपाटात, कुलपात. आमचे म्हणणे वेगळे पडले. २०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत झालेला पाऊस आपल्या जिल्ह्याने पाहिला आहे. कयाधूच्या काठच्या किती घरांत कपाटापर्यंत पाणी चढले! त्याच वर्षी २१ मार्चला आणि पुन्हा १० जुलैला सकाळी जमीन हलली. आम्ही लेकरांना घेऊन बाहेर पळालो. त्या क्षणी डिस्क कोणाच्या लक्षात राहते? एका कपाटातल्या दोन प्रती पाण्यासाठी एकच.

म्हणून जुनी डिस्क आता कळमनुरीला बहिणीकडे असते. ती आली की येते, आम्ही गेलो की बदलून आणतो. नवी डिस्कही आम्ही बुधवारचे काम झाले की काढून ठेवतो. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला होता. असे व्हायरस यंत्रातल्या फायली कुलूपबंद करून पैसे मागतात, आणि जी डिस्क त्या वेळी जोडलेली असेल तिच्यातल्याही करतात. निळा दिवा कायम लागलेला असणे हे आम्हाला पूर्वी सुरक्षिततेचे लक्षण वाटत होते.

ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांनी विशेष लवकर करावे. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मायक्रोसॉफ्टने त्याची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती थांबविली आहे. पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ घेत नाहीत, म्हणजे आज ना उद्या यंत्र बदलणे आले. बदलण्याआधी प्रत काढावी, बदलताना नव्हे.

नुसते आवाज आणि फोटो असतील तर इंटरनेटवरही ठेवता येतात. गुगलच्या खात्याबरोबर १५ जीबी जागा फुकट असते. त्यात मेल आणि फोटो सगळेच मोजले जातात हे ध्यानात ठेवावे. मध्यम प्रतीचा एक तासाचा आवाज साधारण ६० एमबी होतो. मायच्या साऱ्या ओव्या मिळून दोन तासही भरल्या नसत्या. त्या फुकटच्या जागेच्या एका कोपऱ्यात मावल्या असत्या, हे आता लिहितानाही बरे वाटत नाही.

कागदपत्रांची गोष्ट जरा वेगळी आहे. जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका यांच्या स्कॅन प्रती प्रत्येक घरात शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी केलेल्याच असतात. त्या बॅकअपमध्ये ठेवाव्यातच. पण जी कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये देणाऱ्या खात्याकडूनच मिळतात ती तेथून घ्यावीत. २०१६ च्या नियमांनुसार त्यांना मूळ कागदाच्या बरोबरीचे स्थान आहे. आपण स्वतः स्कॅन करून चढविलेल्या कागदाला तसे स्थान नाही, एवढा फरक ओळखावा. मूळ कागद सांभाळण्याचे काम त्यामुळे संपत नाही.

राहिली एक सवय. बॅकअप झाला असा हिरवा निरोप आला तरी आम्ही आता त्यावर विसंबत नाही. दर पौर्णिमेला, विहारातून आल्यावर, धाकटा 'रिस्टोअर माय फाइल्स' मध्ये जाऊन कोणतीही एक फाइल काढतो. मूळ फाइलवर न टाकता वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि ती उघडून पाहतो. कधी थोरलीच्या नोट्सचे पान, कधी आजीची ओवी. मागच्या एका पौर्णिमेला फाइल निघाली पण उघडेना. डिस्कची तार सैल होती असे निघाले. दुसऱ्या तारेने पुन्हा बॅकअप घेतला, तो वाजला. पौर्णिमा निवडली ती केवळ विसरू नये म्हणून. इतर घरांनी पगाराचा दिवस निवडला तरी हरकत नाही.

मावशीकडे आम्ही दोनदा जाऊन आलो. तिला मायच्या काही ओव्या येतात, पण तिची चाल निराळी आहे आणि मधले शब्दही निराळे आहेत. थोरलीने त्याही भरून घेतल्या, वेगळ्या नावाने.

जुन्या हार्डडिस्कसाठी आम्ही चौकशी केली. मोठ्या शहरांतून धूळविरहित खोलीत डिस्क उघडून माहिती काढून देणारे आहेत. खर्च आमच्या एका पगाराहून अधिक सांगितला, आणि निघेलच अशी खात्री कोणी देत नाही. आम्ही तिघा भावंडांनी दिवाळीनंतर पैसे काढायचे ठरविले आहे. तोवर ती डिस्क मायच्या लोखंडी पेटीत, तिच्या सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवली आहे. वर थोरलीने चिठ्ठी चिकटविली आहे: वीस ओव्या. सुरू करू नये.